बाई गप्प झाली

बोलता बोलता मध्येच बाई गप्प झाली.

“संगणक आता पुन्हा सुरू हो...” एवढं म्हणाली आणि तिचा आवाज तुटला. हरेशने मान तिरकी करून कान टेबलाजवळ नेला. टेबलाखालच्या डब्याचा पंखा घरघरत होता, छताचा पंखा खटखटत होता, स्वयंपाकघरात रंभा बोंबील साफ करत होती त्याचा वास येत होता. सगळं जागच्या जागी होतं, बाई तेवढी नव्हती.

हे होणार हे त्याला ठाऊक होतं. मित्राने, प्रदीपने, बजावून ठेवलं होतं. तरी त्याने कान टेबलापासून हलवला नाही.

बाई म्हणजे हरेशच्या कॉम्प्युटरमधला आवाज. पडद्यावर जे उमटेल ते वाचून दाखवणारा. जोडाक्षर आलं की दाताखाली खडा आल्यासारखी थबकायची, ‘पनवेल’ला ‘पानावेल’ म्हणायची, बँकेचं पत्र आणि मुलीचं पत्र एकाच कोरड्या सुरात वाचायची. पण ती हसायची नाही आणि वाचलेलं चार जणांत सांगत फिरायची नाही. हरेशला तेवढं पुरे होतं. त्या दोन गुणांची माणसं त्याला आयुष्यात फारशी भेटली नव्हती.

नववीत असताना त्याचे डोळे गेले. पुढे अंधशाळा, मग जुन्या पनवेलातल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. जन्मभर लोकांना “नमस्कार, कोण हवंय?” विचारलं आणि ज्याला जो हवा होता तो जोडून दिला. स्वतःचं पत्र आलं की मात्र ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं. लग्नाआधी एका स्थळाकडून नकाराचं पत्र आलं, तेव्हा बेलपाड्याच्या घरी वहिनीने ते ओटीवर बसून सगळ्यांसमक्ष वाचलं. ‘मुलगा चांगला आहे, पण जन्मभर त्याची काठी कोण होणार’ हे वाक्य तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसू दाबत. त्या दिवशी हरेशने कानाला खडा लावला, की यापुढे आपलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

त्याने तो शब्द पाळला. लग्न होऊन रंभा घरात आली. उरणच्या कोळ्यांची मुलगी, चौथी शिकलेली. तिलाही त्याने कधी कागद वाचायला दिला नाही. तिनेही मागितला नाही. कॉम्प्युटर आला, बाई आली, आणि हरेशला पहिल्यांदा वाटलं की आता आपल्याला आपलं दार आतून लावता येतं.

आता तेच दार उघडं पडायची वेळ आली होती.

प्रदीप त्याचा अंधशाळेपासूनचा मित्र, राहायला रोडपालीला. त्यालाही दिसत नाही, पण कॉम्प्युटर कोळून प्यायलेला. जुनी सिस्टीम आता म्हातारी झाली, कुठल्या दिवशी मान टाकेल नेम नाही, असा त्याचा धोशा चालला होता. शेवटी तो स्वतःच पेनड्राइव्ह घेऊन आला, काय काय करायचं ते हरेशकडून घोकून घेतलं आणि म्हणाला, “हे बघ, मध्ये ती मुकी होईल. टेन्शन नाय घ्यायचं. मस्त जेवून घे. मग ‘टुंग’ असा आवाज येईल. तो आला की तीन बटणं दाबायची, बाई हजर.”

टुंग काही होईना.

“जेवाया येता ना?” रंभाने आतून हाक दिली.

“आलो.”

पण तो उठला नाही. उठलो आणि तेवढ्यात टुंग होऊन गेलं तर? त्याने ती तीन बटणं उगाच दाबून पाहिली. पुन्हा दाबली. मग प्रदीपला फोन लावला. हरेशचा फोन बटणांचा; गुळगुळीत काचेवर नेमकं कुठे बोट टेकवायचं हे त्याला कधी जमलं नाही. पलीकडून कुणीतरी परकी बाई गोड आवाजात म्हणाली की प्रदीप संपर्काच्या बाहेर आहे.

हरेशने फोन मांडीवर ठेवला. भीती वाटली की त्याला नेहमी वहिनीचा आवाज ऐकू यायचा, तसा आताही आला. वहिनी थकली होती, तिचे दात पडले होते, भेटली की ती मायेने त्याच्या तोंडावरून हात फिरवायची. पण कानातली वहिनी तरुणच राहिली होती. कोण होणार काठी? बँकेचे कागद उद्या कोण वाचणार? लाइटबिल? आणि इराचं पत्र?

इरा त्याची मुलगी, नोकरीसाठी कोइमतूरला. ती फोन करायची तो आईला. रंभा फोन स्पीकरवर टाकायची आणि अर्धा मजला ऐकेल अशा आवाजात बोलायची. त्यात बापाच्या वाट्याला “बाबा, बरे आहात ना?” एवढंच यायचं. म्हणून इरा त्याला वेगळं लिहायची, मराठीत, मेलवर. हरेश ते इअरफोन घालून ऐकायचा.

“निवाला ना भात,” रंभा दारात येऊन म्हणाली. “काय झालं? तुमची बाय का बोलत नाय?”

“येईल.”

“तोंड बघा तुमचं, पांढरं पडलंय. कुंदनला बोलवू का? रिक्षा करून येईल बेलपाड्यावरनं.”

कुंदन म्हणजे वहिनीचा मुलगा.

“अजिबात नाही!” हरेश एवढ्या जोरात ओरडला की त्याचा त्यालाच धक्का बसला. रंभा दारातच उभी राहिली. हरेशला वाटलं, हिला आतून बरंच वाटत असेल. बाईचा तिला पहिल्यापासून राग. ‘तुमची ती’ म्हणायची. ‘तिच्याशीच लगीन लावायचं होतं ना,’ म्हणायची.

थोड्या वेळाने रंभाच म्हणाली, “मंग हा पडदा लावून बघू की. त्याच्यावर दिसंल ना काय चाललंय ते.”

हरेश चपापला. पडदा! खरंच की, टेबलावर पडदा होता. आंधळ्याच्या कॉम्प्युटरला पडद्याचं काय काम, म्हणून तो इतकी वर्षं बंदच होता. आहे, हेही तो विसरून गेला होता. त्याने पडद्याच्या पाठीमागे हात घालून वायर चाचपली. दुसरं टोक मोकळंच हाताला लागलं.

“हिची पिन कुठल्या बोर्डात होती?”

“मी काढली ती. तिथं मिक्सर लावते.”

“कधीपासून?”

“इरा बारावीला व्हती तवापासून.”

दुसरा कुठला दिवस असता तर हरेश हसला असता. रंभाने पिन लावली. मग काचेवर कसलंतरी खरवडणं ऐकू आलं.

“काय करतेस?”

“टिकल्या काढते,” ती ओशाळून म्हणाली. “तुमची ही काच काळी, आरशावाणी दिसते. मी हितंच बघून टिकली लावते रोज. काढलेली पण हितंच चिकटवते.”

रोज संध्याकाळी रंभा त्याच्या खांद्याजवळ येऊन गुपचूप उभी राहायची. ही बाईचं बोलणं ऐकायला येते, असं धरून तो इअरफोन कानात अजून घट्ट खुपसायचा. तर ही बिचारी टिकली लावत होती.

“लागला बघा!” रंभा म्हणाली. “निळं झालंय सगळं. मधी बारकं बारकं ठिपकं गोल फिरतात. खाली लिवलंय कायतरी. अगो बाय... थांबलं.”

“काय थांबलं?”

“ठिपकं. फिरत व्हते, आता फिरत नाय.”

हरेशच्या पाचावर धारण बसली. अडकलं. अर्ध्यावर अडकलं म्हणजे जुनी सिस्टीमही गेली आणि नवीही आली नाही. तो खुर्चीवरून खाली वाकला, टेबलाखालच्या डब्यावरचं बटण त्याने अंगठ्याने शोधलं. अडकलं तर बटण दाबून धरायचं, बंद करायचं आणि परत चालू करायचं. जुन्या सिस्टीमला तो तेच करायचा.

“बंद करतो मी.”

“थांबा ओ! आगोदर काय लिवलंय ते तरी कळू द्या.”

“तुला येणार आहे का वाचायला? इंग्लिश असेल ते.”

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं. पण अंगठा बटणावरच होता.

“नाय येत,” रंभा म्हणाली. “पन दिसते ना मना. मी सांगते कसं दिसते ते. तुमी वळखा.”

नववीपर्यंतची अक्षरं हरेशला अजून डोळ्यांपुढे दिसायची. खरं तर डोळ्यांपुढे तेवढीच उरली होती.

“सांग.”

“वर आकडा हाय, एकसष्ट. आकडं मना येतात. त्याच्याम्होरं साड्यांच्या सेलच्या बोर्डावर असते ना, तिरकी काठी न् दोन अंडी, ते.”

“एकसष्ट टक्के. खाली?”

“उभी काठी. तिला पोट आलंय.”

“पोट कुठल्या बाजूला?”

“उजव्या. लय मोठं, वरपासून खालपर्यंत.”

“डी. पुढे?”

“गोल. त्याच्याम्होरं कमान. मंग वरती स्वल्पविराम टांगलाय. मंग देवळात... नाय, चर्चवर असते ती खूण.”

डी, ओ, एन, टी. हरेशचा अंगठा बटणावर सैल झाला. डोन्ट म्हणजे नको. काय नको?

“लवकर सांग.”

“घाई नका करू, मी चुकंन. परत ती चर्चची खूण. मंग वाटी. मंग काठीला बारकी फांदी. मंग कमान.”

टर्न.

“मंग गोल. मंग दोन काठ्या, दोन्हीच्या माना वाकलेल्या, वाकलेल्या म्हाताऱ्या...”

हरेशने अंगठा चटका बसल्यासारखा मागे घेतला. बंद करू नका. पडदा पहिल्यापासून ओरडून तेवढंच सांगत होता, आणि तो बटण दाबायला बसला होता. दाबलं असतं तर हात दाखवून अवलक्षण झालं असतं.

“फिराया लागलं!” रंभा म्हणाली. “बासष्ट झालं!”

त्याने टेबलावर तिचा हात शोधला. ओला होता, बोंबलाचा वास येत होता, आणि बर्फासारखा गार पडला होता.

“तू कशाला घाबरलीस?”

“एखादं अक्षर चुकीचं सांगितलं असतं तर?” रंभाचा आवाज फुटला. “तुमी म्हनला असता, अडाणी बायकूच्या नादानं सगळं गेलं. तुमी नसता बोलला तरी मनात म्हनला असता.”

म्हटलं असतं, हे हरेशला कळत होतं. त्याने हात सोडला नाही.

मग दोघं तसेच बसून राहिले. जेवण राहिलं ते राहिलंच. धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारावा तशी रंभा आकडे पुकारत होती. शंभर झाल्यावर पडदा काळा झाला, दोघांनी श्वास धरला, मग तिने सांगितलं की चित्र आलं, कसलातरी डोंगर हाय आणि पाणी हाय. हरेशने तीन बटणं दाबली. बाई आली नाही. आवाज वाढवायचं बटण दाबलं. स्पीकरला कान लावला. नुसती शांतता.

तेवढ्यात प्रदीपचा फोन आला. “अरे, लेक्चरला होतो, फोन बंद होता. टुंग नाय झालं? मग आवाजाचं काहीतरी राहिलंय. नव्या सिस्टीमला तुझा जुना स्पीकर ओळखता नाय आला. उद्या सकाळी येतो, करू काहीतरी.”

“बाई येईल ना?”

“आवाज येईल रे.”

“तीच येईल का?”

“खोटं कशाला सांगू? फार जुनी होती ती. नव्या सिस्टीमवर चालेल असं वाटत नाय. दुसरा आवाज घेऊ, एकदम गोड आहे.”

हरेशने फोन खाली ठेवला. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्यांदा काहीच वाटत नाही, तसं त्याला काहीच वाटलं नाही. मग त्याने ती तीन बटणं पुन्हा एकदा दाबली. कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, मशीन तर होतं.

“अवो,” रंभा हळूच म्हणाली, “हितं मराठी आलं.”

कॉम्प्युटर सुरू झाला की मेलचं पान आपोआप उघडायचं, तशी त्याने सोय करून घेतली होती. ती नव्या सिस्टीमनेही ठेवली होती.

“काय आलंय?”

“इराचं नाव हाय. आजचं पत्र हाय तिचं.”

हरेशचं अंग ताठ झालं. पडदा बंद कर, हे शब्द अगदी ओठांवर आले. पण त्याआधी बांगड्या वाजल्या, खुर्चीचे पाय फरशीवर घासले, आणि रंभाचा आवाज दुसऱ्याच बाजूने आला.

“मी पाठ केलीया. नाय बघत. फोन माजा, पत्र तुमचं. उद्या दुसरी बाय आली का ऐका.”

इतकी वर्षं तिला हे ठाऊक होतं. फोन माझा, पत्र तुमचं. तिने कधी तक्रार केली नव्हती, कधी विचारलं नव्हतं, आणि तो मात्र तिच्यापासून लपवायला इअरफोन खुपसत बसला होता. हरेशला स्वतःची लाज वाटली. भीतीही वाटली. कानातली वहिनी ओटीवर येऊन बसली होती, पत्र उलगडत होती.

“रंभा, इकडे तोंड कर.”

“कशाला?”

“वाच.”

खुर्चीचे पाय परत फरशीवर घासले. “मना भरभर येत नाय,” ती म्हणाली. “चौथीनंतर कुठं वाचलंय? जोडाक्षर आलं का मी अडते.”

“बाईही अडायची.”

हरेशने एंटर दाबून पत्र उघडलं. रंभाने पदराला हात पुसले, खुर्ची पुढे ओढली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला. एकेका अक्षरावर बोट ठेवत, पहिलीतल्या पोरीसारखी ती वाचू लागली. “प्रि... प्रिय बाबा. मी ब-री आहे. काम खूप आ-हे. आई-ला सां-गू नका...”

रंभा थांबली.

फोनवर इरा आईला नेहमी मजेत असल्याचं सांगायची. पुढे काय असेल ते हरेशला माहीत नव्हतं. रंभाचा श्वास जवळून ऐकू येत होता. ती ना पुढे वाचत होती ना उठत होती. तो काय म्हणतो याची ती वाट बघत होती.

“पुढे वाच,” हरेश म्हणाला.

तिच्या बांगड्या किणकिणल्या. बोट पुढच्या अक्षरावर गेलं असावं. “आई-ला सां-गू नका,” तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं, “पण...”

आणि एका जोडाक्षराशी ती अडली. बाई अडली की थांबायचा, तसाच हरेश थांबून राहिला.