ओटमार नावाचं यंत्र

जर्मनीतल्या टुटलिंगनमध्ये माणसाला कुठलाही आजार झाला तरी चालतो, पण डोळ्याची हत्यारं घडवणाऱ्या कारागिराला मोतीबिंदू होऊन चालत नाही. निदान ओटमार हॉइसलरनं तसं ठरवून टाकलं होतं. अख्खं गाव सर्जनच्या हत्यारांवर जगतं. सकाळी बेकरीत पाव घ्यायला उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघांच्या नखांत पॉलिशचा काळा मळ असतो, आणि चौथा त्यांच्यावर देखरेख करणारा असतो. अशा गावात ओटमारला दिसत नाही ही बातमी फुटली असती, तर लोकांनी वर्षभर पोट धरून हसायची सोय झाली असती.

म्हणून समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कापूस पिंजल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा ओटमारनं दोष चष्म्याला दिला. चष्मा बदलूनही कापूस गेला नाही, तेव्हा दोष गाडीच्या नव्या दिव्यांना दिला. दरवर्षी जानेवारीत कारखान्यात एक कागद भरावा लागे. 'दृष्टी उत्तम' या चौकटीत त्यानं त्याही वर्षी खूण केली आणि खाली ठसठशीत सही केली.

त्याचं काम होतं चिमटा. डोळ्यातल्या भिंगाभोवती कांद्याच्या पापुद्र्याहूनही नाजूक पिशवी असते. मोतीबिंदू काढताना सर्जन तिला चिमट्यानं गोल फाडतो. चिमट्याची टोकं एकमेकांवर तंतोतंत बसली नाहीत, तर पापुद्रा सटकतो आणि नको तिथे फाटत जातो. ती टोकं जुळवण्यात ओटमारची एकेचाळीस वर्षं गेली होती. त्याच्या मेजाच्या खणात एक काडेपेटी असे, आणि तिच्यात बायकोचे, इर्मट्राउटचे केस. चिमटा तयार झाला की तो एक केस टोकांत धरायचा आणि हलकेच ओढायचा. केस तुटला तर टोक धारदार राहिलं. सटकला तर टोकं जुळली नाहीत. न तुटता, न सटकता केस ताणला जाऊन बोटाला एक बारीकशी ओढ लागली, की चिमटा पास. यात डोळ्याचं काम फारसं नव्हतंच, आणि म्हणून मोतीबिंदू होऊनही दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

इर्मट्राउटचे केस सोनेरी होते तेव्हापासून हे चाललेलं. आता ते पांढरे झाले होते. "माझं टक्कल पडलं की तुझी नोकरी गेली," असं ती दर रविवारी, फणीतले केस काडेपेटीत भरताना म्हणायची.

टक्कल पडायची वाट कुणी पाहिली नाही. म्हातारे बिटेनबाख गेले आणि कारखाना मुलीकडे आला. यूडिट बिटेनबाख लहानपणी ओटमारच्या मेजाखाली बसून पितळेच्या चुऱ्याशी खेळलेली पोर. ती त्याला काका म्हणे आणि अजूनही त्याच्या डब्यातला ब्रेत्सेल पाव न विचारता मोडून खाई. तिनं नवं काम आणलं: एकदा वापरून फेकून द्यायचे चिमटे, एकेक निर्जंतुक पाकिटात बंद. नमुना ओटमारचाच, पण माल यंत्रावर, दिवसाला हजारोंनी. एवढी टोकं तपासणार कोण? त्यासाठी कॅमेऱ्याचं यंत्र आलं. यंत्र हुशार होतं, पण चांगलं कशाला म्हणायचं हे त्याला कुणीतरी आधी दाखवायला हवं होतं.

"काका, तू दोन हजार चिमटे बघायचेस आणि चांगले-वाईट वेगळे करायचेस," यूडिट म्हणाली. "यंत्र तुझ्याकडून शिकेल. तू निवृत्त झालास तरी तुझी नजर इथंच राहील."

नजर म्हटल्यावर ओटमारनं चष्मा काढून पुसला. ती नवी पांढरी खोली बघितल्यावर तर धाबंच दणाणलं. तिथे डोक्याला टोपी, दाढीला जाळी. काडेपेटी दाराशीच अडवली गेली. गुणवत्ता बघणारा नवा साहेब म्हणाला, केस म्हणजे घाण, या खोलीत केस येणार नाही. आणि यंत्राला काही बोटं नाहीत, त्याला दिसतं तेवढंच कळतं, म्हणून तुम्हीही फक्त बघूनच ठरवायचं. ओटमारनं एकदा म्हणून पाहिलं की हाताशिवाय हे काम होत नाही. साहेब हसला. त्या हसण्यानं ओटमार चिडला आणि खरं सांगायची वेळ होती ती तिथेच निघून गेली. एक वाक्य पुरलं असतं. पण एकेचाळीस वर्षांची ऐट आडवी आली.

पाच आठवडे तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. काही टोकांवर उजेडाचा झगझगाट व्हायचा, कडा पिंजारल्यासारख्या दिसायच्या. ते त्यानं लाल पेटीत टाकले. काही टोकं शांत, स्वच्छ, बंद दिसायची. ते हिरव्या पेटीत गेले. शंका आली नाही असं नाही. शंका रोज यायची, आणि रोज संध्याकाळी डॅन्यूब नदीकाठच्या रस्त्यानं सायकल ढकलत घरी जाताना तो तिची समजूत घालायचा.

मे महिन्यात निरोप समारंभ झाला. मसूर, श्पेट्झले नावाच्या जाड शेवया, सॉसेज आणि बिअर. या भागात कुणी शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं असं माणूस समजतो, पण त्या दिवशी चक्क भाषणं झाली. यूडिटनं यंत्रावरचा कपडा बाजूला केला. पाटीवर नाव होतं: ओटमार. प्रत्येक पाकिटावरही छापलं जाणार होतं, 'ओटमारनं तपासलेला'. भेट म्हणून त्याला काचेची चौकट मिळाली. तिच्यात त्यानं निवडलेले पहिले वीस चिमटे होते, दहा हिरव्या कापडावर, दहा लाल. ओटमारला रडू आलं. लोकांना वाटलं, आनंदानं.

घरी आल्यावर इर्मट्राउटनं चौकट स्वयंपाकघरात टांगली आणि महिन्याभरात त्याचं सोंग ओळखलं. इमारतीचा जिना बिऱ्हाडांनी आळीपाळीनं झाडायचा, आणि त्या आठवड्यात त्यांची पाळी होती. ओटमारनं जिना झाडला आणि अर्धा कचरा पायऱ्यांवर तसाच ठेवला. शेजारीण बोलली. या गावात त्याहून मोठी बेअब्रू नाही.

"तुला दिसत नाही," इर्मट्राउट म्हणाली. "आणि मला वाटतं, बरेच दिवस दिसत नाही."

सप्टेंबरात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, तासाभराच्या अंतरावरच्या इस्पितळात. माणूस जागा असतो. डोळ्यात थेंब, तोंडावर कापड आणि वर पांढरा उजेड. ओटमारला एकेक पायरी पाठ होती. आता चीर. आता जेली. आता चिमटा. पाकीट फाटल्याचा आवाज आला. मग सर्जन बाई पुटपुटल्या, "हाही सटकतोय. टाक. दुसरा दे."

परत पाकीट फाटलं. "हां, हा जरा बरा."

कापडाखाली ओटमारला घाम फुटला. परिचारिकेनं विचारलं, दुखतंय का? तो नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. स्वयंपाकघराची भिंत पिवळी नव्हतीच, पांढरी होती. इर्मट्राउटच्या चेहऱ्यावर त्यानं कधी न पाहिलेल्या शंभर सुरकुत्या होत्या, आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. त्यानं कॉफीही घेतली नाही. चौकट खाली उतरवली, काच काढली, जुनं भिंग धरलं. लाल कापडावरच्या चिमट्यांची टोकं आरशासारखी घासलेली होती. तो झगझगाट चिमट्यांचा नव्हता, त्याच्या डोळ्यातला होता. हिरव्या कापडावरची टोकं मंद, खरखरीत होती आणि दोन टोकांमध्ये चक्क फट होती. झगमगत नव्हती म्हणून ती त्याला गुणी वाटली होती.

"एक केस दे," तो म्हणाला.

तिनं काही न विचारता डोक्यातून उपटून दिला. हिरव्या दहांपैकी सात चिमट्यांतून केस सटकला. लालमधल्या नऊ चिमट्यांनी तो धरला, न तुटता, न सटकता. बोटाला ती ओळखीची ओढ लागली आणि ओटमार टेबलावर डोकं टेकून बसला.

सोमवारी तो कारखान्यात गेला. खिशात स्वतःचा चिमटा होता, पस्तीस वर्षांपूर्वी उस्ताद कारागीर ठरायच्या परीक्षेला घडवलेला. यूडिटला त्यानं सगळं सांगितलं, 'दृष्टी उत्तम'सकट. ती ऐकत होती तोवर त्यानं चिमटा यंत्राच्या खाचेत बसवला. ओटमारनं ओटमारचा चिमटा निरखला आणि लाल दिवा लागला. मग त्यानं हिरव्या कापडावरचा एक बसवला. हिरवा दिवा लागला.

"बघ," ओटमार म्हणाला. "मी याला उलटं शिकवलंय. थांबव हे. मी नव्यानं निवडून देतो, आता मला दिसतंय. फुकट देतो."

यूडिटनं दार लावून घेतलं. "काका, चार महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही."

"येणार कशी? पूर्वी चिमटा खराब निघाला तर डॉक्टर परत पाठवायचा आणि वर चार शिव्या लिहायचा. आता फेकून देतो आणि दुसरं पाकीट फाडतो. मी स्वतः ऐकलंय, पडल्या पडल्या."

"आणि दुसऱ्या पाकिटात काम होतं ना?"

"तिसऱ्यात झालं नाही तर? कुणाच्या तरी डोळ्यातली पिशवी मागेपर्यंत फाटली तर?"

ती खिडकीशी गेली. खाली पाकिटं भरणाऱ्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. सगळं परत मागवलं तर कारखाना नाताळही बघणार नाही, असं ती म्हणाली. यंत्राला मान्यता मिळाली आहे, कागद झाले आहेत. मग ती वळली.

"दोन हजार चिमट्यांच्या नोंदीवर सही कुणाची आहे, श्रीयुत हॉइसलर? आणि दृष्टीच्या कागदावर? तुम्हाला मान्यता देणाऱ्या खात्याला कळवायचं असेल तर जरूर कळवा. मी तुम्हाला अडवत नाही."

एकतीस वर्षांत तिनं त्याला कधी आडनावानं हाक मारली नव्हती. ओटमारनं आपला चिमटा खिशात टाकला आणि तो घरी आला.

खात्याला पत्र त्यानं तीनदा लिहिलं. पहिल्यात सगळा दोष यंत्राला होता, दुसऱ्यात यूडिटला. तिसरं खरं होतं, आणि ते वाचून झाल्यावर त्याला बेकरीतली रांग दिसली, तिच्यातले ओळखीचे चेहरे दिसले, आता अगदी स्पष्ट. ते पत्र घरी आणलेल्या काडेपेटीशेजारी खणात गेलं. इर्मट्राउट रोज एकदा विचारायची, टाकलंस का? मग तिनं विचारणं सोडलं. रविवारी फणीतले केस ती आता कचऱ्यात टाकू लागली.

नोव्हेंबरात डाव्या डोळ्याची पाळी आली. त्यानं सर्जन बाईंपुढे आपला जुना चिमटा ठेवला आणि याच्यानं करा म्हणून विनवलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, सुरेख आहे म्हणाल्या, आणि परत दिला. पाकिटाबाहेरचं काहीही आत नेता येत नाही. सटकणाऱ्या चिमट्याची निदान तक्रार तरी करा, असं तो म्हणाला. बाई हसल्या. तक्रारीचा अर्ज चार पानांचा असतो, आणि त्यांना दुपारपर्यंत अकरा डोळे करायचे होते.

आत परिचारिकेनं नेहमीप्रमाणे विचारलं, नाव काय, कुठला डोळा. चुकीच्या माणसाचा चुकीचा डोळा होऊ नये म्हणून प्रत्येकाला विचारतात.

"ओटमार हॉइसलर. डावा."

ती ट्रेवर पाकिटं मांडत होती. एक उचलून तिनं त्याच्यासमोर धरलं. उजव्या, नव्या डोळ्याला त्यावरचं बारीक अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"टुटलिंगनचे ना तुम्ही? मग हे ओटमार तुम्हीच की काय?" ती कौतुकानं म्हणाली.

"नाही," ओटमार म्हणाला. "मी नाही तो."

तिनं त्याच्या तोंडावर कापड ओढलं, आणि थोड्या वेळानं पहिलं पाकीट फाटल्याचा आवाज आला.