दादाचा वर झालेला हात

"दादा, खरं सांग, ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद करून तू घोरतोस ना?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून टिटवीने विचारून टाकलं. दिवसभर टिवटिव करते म्हणून घरात तिला टिटवीच म्हणत. दादा उशी फेकून मारेल, असं तिला वाटलं. त्याने मात्र मान खाली घातली.

"घोरत नाही गं. सगळं डोक्यावरून जातं. इतक्या जणांसमोर विचारायचं कसं? मी कॉलेज सोडतोय. आईबाबांना सांगू नकोस."

टिटवीला बोटं धरून पाढे शिकवणारा दादा तो हाच! लॅपटॉपवर सर बोलतच होते. तिने मागचापुढचा विचार न करता हात वर करायचं बटण दाबलं.

"अगं कार्टे!"

"अरे वा, बोला!" सर म्हणाले. "मला वाटलं, मी भिंतीशीच बोलतोय."

टिटवीने माइक सुरू करून दादाला कोपराने ढोसलं.

"सर, मला... पहिल्यापासूनच कळलं नाही."

तोच पडद्यावर भराभर आणखी हात वर झाले. सर हसले. "मग पहिल्यापासूनच घेऊ. आणि शनिवारी कॉलेजात या, समोरासमोर बसू."

जेवताना दादाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा टिटवीला राहवेना.

"आईबाबा, ऐका! उद्यापासून शाळेतून आले की मी दादाच्या वर्गात बसणार. प्रश्न त्याचे, बटण माझं!"