पायाखाली आलेलं लाटणं

मित्रांनो, मी एक जुनं लाटणं आहे, आणि स्वभावाने भारी चौकस. नंदुरबारच्या सुताराने सागाच्या तुकड्यातून मला घडवलं, तेव्हापासून मला एकच खोड: जे दिसत नाही ते जाणून घ्यायचं. जवळच्या कोरीट गावी प्रमिलाबाईंच्या घरी आले आणि पोळी फुगते कशी, हे विचारून विचारून मी तव्याला भंडावून सोडलं. पोळ्या गोल होत, पाहुणे वाहवा करत. पुरणाचे मांडे मात्र प्रमिलाबाई हातावरच फिरवत, तेव्हा मी फडताळात रुसून बसायचे.

गेल्या हिवाळ्यात मला नवंच कोडं पडलं. प्रमिलाबाई सकाळी उठल्या की पहिलं पाऊल टाकताना भिंत धरायच्या. जरा चाललं की बरं वाटायचं, दिवस मावळता पुन्हा लंगडणं. घरात नवी कडक फरशी, चपला उंबऱ्याबाहेर आणि दिवसभर ओट्यापाशी अनवाणी उभं राहणं. पण रात्रभर निजलेला पाय सकाळीच का दुखावा? मला काही केल्या राहवेना. त्यांनी तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकली. तेवढ्यापुरतं बरं वाटे, सकाळी पुन्हा तेच.

त्यांना घोर लागला होता तो श्रावणाचा. यंदा भाऊबंदांची कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशींची श्रावणातली देवी, त्यांच्या घरी बसणार होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन विसर्जनासाठी नदीपर्यंत त्यांनाच चालायचं होतं. पाय मध्येच अडला तर? कुणाला काही न सांगता परातीपाशी बसून त्या एकट्याच रडल्या. माझा जीव तुटला.

शेवटी लेक चारुलता त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलेलं त्या परतल्यावर माझ्या कानी आलं: टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो दुखावलाय. रात्री तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. हात्तिच्या, असं होय! उपायही सांगितले होते: उठण्याआधी पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, पोटऱ्या ताणायच्या, घरातही मऊ चप्पल घालायची, तळव्याखाली लाटणं फिरवायचं, आणि महिनोन् महिने धीर धरायचा.

घरापुरती वेगळी चप्पल घ्यायला प्रमिलाबाई कशाबशा तयार झाल्या. लाटण्याचं नाव काढताच मात्र अडून बसल्या.

"अन्नना जिनसले पाय कसा लावू?"

चारुलताने बाजारातून नवं लाटणं आणलं आणि मला आईपुढे ठेवलं. "माय, आते हाई सयपाकनं नही, औषधनं शे."

प्रमिलाबाईंनी मला धुतलं, कुंकू लावलं, कपाळाला टेकवून माफी मागितली आणि खाटेखाली ठेवलं. मित्रांनो, चुलीजवळची जागा गेली याचं फार वाईट वाटलं. पण पाऊल खालून कसं असतं, हे मी कधी पाहिलं होतं? टाच खरखरीत, भेगाळलेली. मधली कमान ताठ. जोर पडला की त्या कळवळायच्या, म्हणून मी हळूच फिरायचे. किती ओझी वाहिली होती त्या पायाने, आणि घरात कुणी एकदा त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

श्रावण आला. कानबाईला डोक्यावर घेऊन प्रमिलाबाई नदीपर्यंत गेल्या. वाटेत जरा ठणकलं, पण पाय अडला नाही. घरी आल्या त्या हसत, डोळे पुसत.

त्यांच्यामागून जाऊबाई रंजनाबाई आत आल्या. त्या कोपऱ्यात टेकल्या आणि लुगड्याच्या आड गुपचूप टाच चोळू लागल्या. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी खाटेखालून मला काढलं आणि जावेपुढे ठेवलं. रंजनाबाईंनी पाय आणखीच आत ओढला.

"लाव पाय, रंजना. दुखनं दपाडीसन काय पुन्य भेटस?"

दपाडीसन म्हणजे लपवून, मित्रांनो. तुमच्याही घरात कुणीतरी असंच पाय आत ओढून बसलं असेल. ते आपणहून सांगणार नाही. तुम्हीच जवळ जाऊन बसा आणि विचारा.