शून्य नंबरचं कार्ड

"रजिस्टर म्हणते एकतीस, मशीन म्हणते चोवीस. मंग सात लेकरं काय वैनगंगेत वाहून गेली, कलाबाई?"

भैय्याजींनी छापील यादीचा लांबलचक कागद टेबलावर पसरला. तुमसरातल्या या छोट्या आरोग्य मंडळाचे ते सचिव. मंडळाच्या दोन खोल्या. एकीत लशी ठेवायची पेटी, दुसरीत सत्याऐंशी साली देणगीत आलेला कॉम्प्युटर. समोर उभ्या असलेल्या कलाबाई सिहोऱ्याकडच्या गावांत टोचण्या देणाऱ्या नर्स, पन्नाशीच्या.

"टोचली जी मी. एकतीसही लेकरं. माह्या हातानं."

"मशीनले खोटं बोलता येते का? सात डोस कोनाले इकले, ते सांगा."

कलाबाईंनी कॉम्प्युटरवर बसणाऱ्या निर्मलाकडे पाहिलं. निर्मलानं कीबोर्डकडे पाहिलं.

निर्मला नागपूरची, गणितात बीएस्सी, लग्न होऊन तुमसरला आलेली. आठ महिन्यांची चिमी पदरात. चिमी झाल्यापासून तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता. गॅस बंद आहे ना, दाराची कडी लागली ना, हे ती तीनतीनदा बघायची. दूधवाल्याच्या मापात बोट घालून पाहायची. चिमीची पहिली टोचणी कलाबाईंनीच दिली होती. दंडावर खूण उमटेपर्यंत निर्मलाला झोप नव्हती. बाईंनी नुसती सुई टोचली आणि लस तशीच ठेवली, असं झालं असलं तर? तेव्हा आता कलाबाईंवर संशय घ्यायला तिला काही वेगळे कष्ट पडले नाहीत.

"लशीची थैली जमा करा," भैय्याजी म्हणाले. "चौकशी होईपर्यंत घरी राहा. दुसऱ्या टोचणीची लस यादीपरमानं चोवीसच निघन."

"सोमवारी दुसरी टोचणी हाय जी. आन् त्या सातांचं?"

"हायत कुठं ते सात?"

कलाबाईंनी थैली ठेवली, रजिस्टर निर्मलाच्या टेबलावर ठेवलं आणि त्या चप्पल घालून निघून गेल्या. ही शनिवारची गोष्ट.

त्या गेल्यावर निर्मलानं रजिस्टर आणि यादी ओळीनं ताडून पाहिली. यादीत नसलेल्या सातही लेकरांच्या ओळीत नावाची जागा कोरी होती. फक्त आईचं नाव आणि गाव. बिननावाची मुलं! खोटी नोंद करायला याहून सोपं काय?

बुधवारी सुटी काढून, चिमीला कडेवर घेऊन ती एसटीनं सिहोऱ्याला गेली. सोबत कुणाला घेतलं नाही. कुणी आधीच निरोप धाडला तर?

पहिलं घर रुखमाचं. रुखमा अंगणात लेकराला तेल लावत होती.

"नाव काय याचं?"

"नाव नाही जी."

"दोन महिन्यांचा होत आला आणि नाव नाही?"

"याच्या आंधी दोन गेले, बाई. हा बसाले लागन, तवा ठेवू." रुखमानं लेकराच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. "कलाबाईले म्हटलं, लिवा काहीबी. तं ते म्हणे, नाव नाही तं नाही. लेकराच्या कागदावर खोटं कायले लिवा?"

निर्मलानं लेकराचा डावा दंड उजेडाकडे वळवला. तिथं लालसर फोड होता, मुगाएवढा. चिमीला आला होता तसाच.

दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी तेच. टोचणी बारशाआधी झालेली, तेव्हा नाव नव्हतं. दंडावर खूण मात्र होती. सहा दंड तिनं स्वतः पाहिले. सातव्या घराला कुलूप होतं. ही तरी खोटीच असणार, तिच्या मनात आलं, आणि आपण अजूनही तेच शोधतो आहोत हे तिला जाणवलं.

परतताना एसटीत तिला बाकीच्या नर्सांची रजिस्टरं आठवली. बाळू, बेबी, मुन्ना, बबी. त्या कोऱ्या जागेत काहीतरी भरून मोकळ्या व्हायच्या. जागा कोरी ठेवणाऱ्या एकट्या कलाबाई.

ती थेट ऑफिसात गेली. प्रत्येक बाळाचं मशीनमध्ये एक कार्ड असे. कार्ड तयार करणारा भाग निर्मलानं लिहिला नव्हता. नागपूरहून फ्लॉपीवर तयार प्रोग्रामांचा संच आला होता, त्यातला तो तुकडा. त्याला बाळाचं नाव द्यायचं, तो नवं कार्ड करून परत द्यायचा, मग तिचा प्रोग्राम त्यावर गाव, तारीख, लस लिहायचा. तिनं नावाची जागा कोरी सोडली. मशीन कुरकुरलं नाही. निमूटपणे कार्ड दिलं, पुढचं सगळं लिहून घेतलं. तिनं आणखी एक बिननावाचं बाळ घातलं. मग कार्डांचे नंबर काढून पाहिले. दोघांचाही नंबर शून्य. दुसऱ्यानं पहिल्याला पुसलं होतं, आणि शून्य नंबरचं कार्ड यादीत छापलंच जात नव्हतं.

तिनं संचाची माहितीपुस्तिका उघडली. 'नावाशिवाय कार्ड तयार होत नाही. अशा वेळी शून्य नंबरचे कार्ड परत मिळेल. वापरण्यापूर्वी नंबर तपासावा.'

त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. तिनंच मारलेली, संच आला त्या पहिल्या आठवड्यात.

दाराची कडी तीनदा बघणाऱ्या बाईनं हा एक नंबर एकदाही बघितला नव्हता.

भैय्याजींनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "चुपचाप सुधरवून टाका, मॅडम. कलाबाईले सांगतो, मशीनची गलती झाली."

"मशीनची नाही. माझी."

"काहून आपल्या अंगावर घेऊन राहिल्या?"

"बाई चोर ठरल्या, भैय्याजी."

गुरुवारी कलाबाई आल्या. निर्मलानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"पोरीचा दंड पाहत होत्या तुम्ही, दर खेपेले," ऐकून झाल्यावर कलाबाई म्हणाल्या. "मले दिसे. मी म्हणो, मायचा जीव हाय, पाहू द्या." मग कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आता टाका बिननावाचं. काय म्हणते?"

निर्मलानं जागा कोरी सोडली. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत ओळ उमटली. तिनं वाचून दाखवली, "कार्ड झाले नाही. आईचे नाव द्या."

"म्हणजे आता नाही तं नाही म्हणते."

"हो. देईल तर पुरं कार्ड देईल. नाही तर तिथंच थांबेल. पुढचं काही लिहूच देणार नाही."

"हे पयलेच म्हटलं असतं तं," कलाबाई म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच सोडलं.

भैय्याजी पेटी उघडून उभे होते. "घ्या कलाबाई, सात डोस. चहा सांगू का?"

"सहा काढा."

"सात नं?"

"सातवीचे मायबाप इटाभट्टीवर गेले, पोरीले घेऊन. मंगळवारी. मी सोमवारी जानार होती."

"कोणत्या भट्टीवर?" निर्मलानं विचारलं.

"कोनाले मालूम? नाव घेऊन विचारत फिराव म्हटलं, तं पोरीले नाव नाही."

त्यांनी सहा डोस बर्फात ठेवले, थैली खांद्याला लावली आणि चहा न घेताच उन्हात निघाल्या.

निर्मलानं सातवं कार्ड केलं. आई, रत्नाबाई. गाव, सिहोरा. मशीननं कलाबाईंच्या यादीतला नंबर दिला, एकतीस. दुसऱ्या टोचणीच्या तारखेपाशी ठिपका लुकलुकत थांबला. तिनं रजिस्टर जवळ ओढलं. कलाबाईंनी बाकीच्या सहा ओळींपुढे आजची तारीख पेन्सिलीनं निघण्याआधीच घालून ठेवली होती. सातवी ओळ तशीच होती, खोडलेली नव्हती.