पहिल्या घराचा नारळ

श्रावण अर्ध्यावर आला होता. आभाळ मेघकृष्ण, पाणी गढूळ ताम्रवर्ण, आणि दोहोंच्या मधोमध फेसाची शुभ्र, फाटकी किनार. दर्या अजून निवला नव्हता. दात खात होता, ओठ चावत होता, वाळूवर येऊन आपटत होता, आणि आपटून मागे गेला की नव्या रागाने पुन्हा उठत होता.

तसलाच एक राग किनाऱ्यावरच्या चिमुकल्या बंगलीत, निळ्या काचांच्या ओसरीवर, पाट टाकून बसला होता. त्या रागाचं नाव द्वारका खोबरेकर.

बंगली म्हणाल तर टीचभर. जांभ्या दगडाची, मंगळुरी कौलांची, तीन खणांची. पुढे ओसरी, ओसरीला लाकडी जाळी, जाळीत समुद्रनील काचा. कुणा रेगे डॉक्टरने पणजोबांच्या काळात हवापालटाला म्हणून बांधलेली. डॉक्टर गेला, त्याची पोरंबाळं पुण्यात रुजली, आणि बंगली मिठाच्या वाऱ्यात एकटी उरली. लवणजर्जर, पण नाकीडोळी नीटस. अंगणात एक माड, दर्याकडे झुकलेला, जन्मभर त्याचंच ऐकत आल्यासारखा.

पुढून ती बंगली अशी हसरी. मागून आंधळी. मागे एकच भिंत. बिनखिडकीची, बिनदाराची, शेवाळाने काळीभोर.

त्या भिंतीला द्वारकेचं नाक ओळखीचं होतं.

कसं ते सांगायला हवं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि लगोलग होड्या पाण्यात लोटायच्या, ही किनाऱ्याची रीत. पाच सवाष्णी होडीला ओवाळणार, हळदीकुंकवाची बोटं लाकडावर उमटणार, ढोल घुमणार. आणि ज्यांचं कुंकू त्याच दर्याने धुऊन नेलं, त्यांची तोंडं निघत्या होडीला दिसता कामा नयेत. घरात बसावं म्हटलं तर घरं सगळ्यांची वाळूवर, दारं सगळ्यांची पाण्याकडे. म्हणून त्या बायकांनी जायचं निळ्या बंगलीच्या मागे, त्या आंधळ्या भिंतीआड. होड्या क्षितिजाआड जाईपर्यंत तिथे गवतात उभं राहायचं. गप्प. दगडाकडे तोंड करून.

द्वारका किती वर्षं उभी राहिली, ते तिने मोजलं नाही. भिंतीपलीकडे ढोल वाजे, तो तिच्या बरगडीत वाजे. भिंतीपलीकडे शंख फुंकला जाई, तो तिच्या कवटीत घुमे. तिचा स्वतःचा गुणाजी, तिच्या दुधावर वाढलेला, पहिल्यांदा होडी घेऊन निघाला. ती होडीही तिने पाहिली नाही, नुसती ऐकली. कानाने तिने लेकाला निरोप दिला. डोळ्यांपुढे शेवाळ.

आणि गंमत बघा. त्याच बायका बाकीचं वर्षभर त्या होडीची मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडत. तेव्हा त्यांची तोंडं चालत. बांगडा विकताना चालत. सुक्या सुंगटांच्या, कोळंबीच्या वासात दिवसभर उन्हात भाजताना चालत. दर्याला तोंड वर्ज्य, बाजाराला नाही. वा रे रीत! वा रे तिला जन्म देणारे!

गेल्या वर्षी मात्र भिंतीआडच्या रांगेत एक नवं माणूस आलं. सुमती. नवतीची पोर. चैत्रात होडी फुटून नवरा गेला, मनगटावर बांगड्यांचे वळ अजून गोरे होते. तिने भिंतीकडे पाहिलं, मग द्वारकेकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "काकी, हय अशी किती वर्सा उभी रवाचा?"

द्वारकेच्या जिभेला गावात धार प्रसिद्ध. तलाठ्याला तिने गप्प केलेलं, पोलिसाच्या डोक्यावर तिने मासळीची टोपली देऊन त्याला आपल्या दारापर्यंत चालवलेलं. पण त्या दिवशी ती जीभ टाळूला चिकटली. त्या पोरीला द्यायला तिच्यापाशी होती ती नुसती भिंत.

तर म्हातारीने भिंतच विकत घेतली.

डॉक्टरचा पणतू, निनाद रेगे, बंगली विकायला काढून बायकोसह आला होता. बाई गोरी, नाजूक, फोन उंच धरून प्रत्येक खिडकीचा फोटो काढत होती. "किती व्हिंटेज आहे ना सगळं! असं जुनं आता कुठे मिळतं?"

"जुन्या लाकडाक तुमी व्हिंटेज म्हणतास," द्वारका म्हणाली, "मगे जुन्या बायलेक काय म्हणतास?"

बाई हसली. द्वारका हसली नाही.

निनाद जरा चाचरला. हॉटेलवाले मागे लागले होते, पण ते बंगली पाडणार होते. "आजी, एवढंच सांगा, ह्या निळ्या काचा मोडणार नाही ना?"

"काचो मोडूक नाय घेतलंय, बाबा. काचेतसून बघूक घेतलंय."

ट्रंकेच्या तळाशी तिच्या पाटल्या होत्या, गोठ होते, पुतळ्यांची माळ होती. विधवेच्या अंगाला वर्ज्य म्हणून वर्षानुवर्षं अंधारात निजलेलं सुवर्ण. जे अंगावर चढू दिलं नाही, ते तिने कौलांवर चढवलं. जे गळ्यात शोभू दिलं नाही, ते तिने उंबऱ्यात घातलं.

गुणाजी संतापला. "आये, त्या सोन्यान नवीन इंजिन इला असता! ह्या खोपटेत तू काय करतलंस? हवा खातलंस?"

"इंजिन तुका दर्यात नेता, झिला. ही खोपटी माका दर्यासमोर नेता. तुझा तुका, माझा माका."

गाव हसलं. तिठ्यावर हसलं, लिलावाच्या शेडमध्ये हसलं. म्हातारी मडमीण झाली, म्हणालं. आणि हसण्याच्या नादात सगळेच्या सगळे बाप्ये एक गोष्ट विसरले. दर्याला पहिला मान पहिल्या घराच्या नारळाचा. पाण्याला सगळ्यात जवळचं जे घर, त्याच्या अंगणातल्या माडाचा नारळ आधी, मग बाकीच्यांचे. आजवर पुणेकरांचा माळी तो नारळ निमूटपणे आणून देई. माळ्याला कोण विचारतो? नारळ यायचा, जायचा, आणि कोणाच्या हातचा ते कोणाच्या ध्यानात राहायचं नाही.

द्वारकेच्या राहिलं होतं.

चुना आणून तिने सारी बंगली धुतली, जाळी रंगवली, काच न् काच राखेने घासून लखलखीत केली. मागच्या भिंतीला मात्र तिने हात लावू दिला नाही. गवंडी म्हणाला, बाय, एवढी एक काळी दिसता. "दिसांदे," ती म्हणाली. "तिका सगळा ठावक आसा."

आणि आज पौर्णिमा आली. तिसरा प्रहर. भरतीचं पाणी चढत होतं, ढग पश्चिमेकडून फाटायला लागले होते, त्या फाटीतून ऊन वाळूवर उतरत होतं, तिरकं, ओलं, केतकीवर्ण. वाळूवर होड्या नटून उभ्या. पताकांनी रंगीत, कुंकवाने रक्तभाळ. पाच सवाष्णी ताटं घेऊन तिष्ठत होत्या. ढोलकरी टिपऱ्या हातात धरून थांबला होता.

ओसरीवर पाटावर द्वारका. मांडीत सोललेला, शेंडी राखलेला नारळ. जाळीपाशी, खांबाला टेकून, सुमती. भिंतीआडच्या बाकीच्या बायका आतल्या खणात. दार सताड उघडं.

पायऱ्यांखाली बाप्ये जमले. पुढे किनाऱ्याचा मानकरी दाजी मयेकर, डोक्याला फेटा, नजर पायरीवर. त्याच्यामागे गुणाजी, नजर वाळूत. त्याच्यामागे सगळा गाव, नजर कुठेतरी.

"द्वारकाबाय," दाजी पायरीला म्हणाला, "नारळ दी. भरती लागली."

"देतंय. वर ये."

"वर कित्याक? कुशीच्या खिडकेतसून दी. आणि वायच भुतूर बस, दार ओढून घे. घटकाभरच. सुमतीकय घे. रीत आसा ती."

बस. एवढाच शब्द. रीत. वणव्याला एक ठिणगी पुरते. इथे तर उभं रान वाळलेलं होतं.

"शिरा पडो तुझ्या रीतीर!" ती उठली नाही, आवाज उठला. माडावरचे कावळे उडाले. "माझो घो गेलो त्या वर्सा होडयेक पाच सवाष्णींनी ववाळल्यानी. त्या पाचांतली पयली मी होतंय, दाजी. हिरवो चुडो भरलेलो, कपाळभर कुंकू. होडयेचा नाव सौभाग्यलक्ष्मी! परतान काय इला? एक फळी. त्या दिवशी खयच्या रांडमुंडीचा तोंड आडवा इला? सांग! माझाच तोंड होता ना समोर? सवाष्णीचा होता ना? मगे?"

दर्या आपटला.

"बोल मेल्या! घेतल्यान तो दर्यान, आणि तोंड काळा माझा? त्येका तुमी नारळ देतास, माका भिंत देतास?"

दाजीच्या फेट्याखालून घाम ओघळला. "मगे आमी दुसऱ्या घराचो नारळ घेतंव," तो पुटपुटला.

पण मागून एक म्हातारा खाकरला. "दाजी, पयल्या घराचो सोडून कसा चलात? दर्या मानूचो नाय."

आणि गर्दीत कुजबुज पसरली, वाऱ्याने पाण्यावर पसरावी तशी. नाय मानूचो. अपशकून. नाय चलाचा. ज्या दोरीने त्यांनी बायकांना भिंतीशी बांधलं होतं, तिचंच दुसरं टोक म्हातारीच्या मांडीत होतं. तपकिरी, जड, शेंडीदार.

"आयका," ती आता हळू बोलली, आणि ते हळू बोलणं जास्त भाजणारं होतं. "ज्येका नारळ व्हयो तेना ह्यो पायऱ्यो चढून येवचा. माझ्या हातातसून घेवचा. आणि घेताना माझ्या तोंडाकडे बघूचा. जमत नसात तर होडये परत खोपींत लोटा, आणि पावसाळो संपासर घराचे वासे मोजीत बसा."

पाणी चढत होतं. पहिल्या होडीच्या तळाशी जीभ लावून परत जात होतं. मुहूर्त वितळत होता, मिठासारखा. आणि पाच सवाष्णींतली कोणीतरी, कोण ते कळलं नाही, खुदकन हसली.

गुणाजीने पाऊल उचललं.

एक पायरी. दुसरी. तिसरी. काळा, रुंद, वादळं अंगावर घेतलेला, होडी हाकणारा तांडेल. पण मान अशी खाली, जशी पोरपणी चोरून दर्यात पोहून आल्यावर घालायचा. त्याने हात पुढे केले. नारळाला धरलं. ओढलं.

नारळ हलला नाही.

"आये, सोड."

"बघ आदी."

"आये, लोक बघतत."

"लोक बघतत. तूच तेवढो बघणस नाय."

चार हात एका नारळावर. दोन कोवळ्या वयात सुकलेले, दोन मिठाने रापलेले. दर्या एकदा आला, एकदा गेला. ढोलकऱ्याच्या टिपऱ्या हवेत अडकल्या. सुमतीने जाळी घट्ट धरली.

मग गुणाजीने मान वर केली.

पश्चिमेचं ऊन जाळीतून आत आलं होतं. निळ्या काचेतून गाळलेला बोटभर प्रकाश म्हातारीच्या कोऱ्या कपाळावर, बरोब्बर मधोमध, येऊन टेकला होता. नीलमण्यासारखा. दर्याच्या रंगाचा. कोणी लावला नव्हता, आणि कोणाला पुसता येणार नव्हता.

गुणाजी बघतच राहिला. एवढी वर्षं त्याने हे तोंड पाहिलं होतं चुलीच्या धुरात, मासळीच्या टोपलीखाली, पहाटेच्या काळोखात. निघताना कधी नाही. निघताना त्याने पाहिल्या होत्या फक्त परक्या कपाळांवरच्या कुंकवाच्या रेघा.

द्वारकेने नारळ सोडला.

"जा आता," ती म्हणाली. आवाजातली धार तशीच होती, तसूभर बोथट झाली नव्हती. "आणि परतान इलंस काय ह्याच पायऱ्यांनी वर ये. मी हयच बसलंय."

ढोल कोसळला. शंखाला कंठ फुटला. नारळ पाण्यात गेला, बुडाला, वर आला, आणि दर्याने त्याला कुरकुर न करता आत ओढून घेतलं. दाजी मयेकराने घाईघाईने फेटा सावरला, जसं काही सगळं त्याच्याच मनासारखं झालं होतं. द्वारकेने त्याच्याकडे पाहून पिंक टाकल्यासारखं नाक मुरडलं. त्याला काय, त्याच्या बापाला तिने ओळखलेलं होतं.

एकामागून एक होड्या निघाल्या. तांबडी, पिवळी, हिरवी. एकेक करून त्या म्हातारीच्या नजरेखालून गेल्या, तिच्या नजरेवरून पुढे सरकल्या, तिच्या नजरेच्या शेवटच्या धाग्याला अडकून क्षितिजावर ठिपका झाल्या. तिने पापणी लवू दिली नाही. राग गेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका नारळाने जात नसतो. त्याला फक्त आता घर मिळालं होतं, दर्यासमोर, ओसरीसकट.

सुमती खांबापाशी उभी राहून पाहत होती, तोंड पाण्याकडे, केस वाऱ्यावर.

आणि बंगलीच्या मागे, शेवाळकृष्ण भिंतीच्या पायाशी, श्रावणातलं गवत वाढलं होतं. दरवर्षी पौर्णिमेला पावलांखाली चेंगरणारं, चिखलात निजणारं. यंदा त्यावर कोणी उभं राहिलं नव्हतं. पात न् पात हिरवी होती, ओली होती, आणि ताठ होती.