हरण्याची रीत

मल्हाररावांनी मारलेला चेंडू बाजूच्या भिंतीला लागून मागच्या कोपऱ्याकडे वळला, तेव्हा भालचंद्र तिथे आधीच उभा होता. एरवी तो इथून चेंडू उचलून मल्हाररावांच्या रॅकेटपुढे अलगद आणून ठेवायचा. आज त्याने तो समोरच्या भिंतीवर नुसता टेकवला. चेंडू जेमतेम उसळला आणि मल्हारराव पुढे यायच्या आत मेला.

"नशीब आहे तुझं," मल्हारराव म्हणाले.

"हो, आबासाहेब."

पुढचा गुणही तसाच गेला. वर गॅलरीत बसलेले तुकोजी उगाचच खोकले.

मुरार छावणीतलं हे स्क्वॉश कोर्ट संस्थानच्या दरबारने आपल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी बांधलं होतं. आता दरबार नव्हता आणि त्याच्यानंतर आलेलं मध्यभारत राज्यही नव्हतं. गेल्या महिन्यात नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि शहराच्या लष्कर भागातल्या सरकारी कचेऱ्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. माणसं गेली, पण टेबलं-कपाटं मागे राहिली. ती ठेवायला वर छप्पर असलेली कोरडी जागा हवी होती.

काल इंजिनिअर दौलतसिंह ती जागा बघायला आले. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला, टाचेने जमीन ठोकली. ते स्वतः खेळणारे आहेत हे भालचंद्रच्या तेवढ्यावरूनच लक्षात आलं. क्लबचा सेक्रेटरी म्हणून तो त्यांच्यासोबत हिंडत होता.

"कोर्ट तो बढ़िया है," दौलतसिंह म्हणाले. "लेकिन यहाँ कोई खेलता भी है, या सिर्फ़ चाय होती है? कल शाम रॅकेट लेकर आऊँगा. अपना सबसे अच्छा खिलाड़ी खड़ा कीजिए. खेल दिखा तो कोर्ट आपका. नहीं तो परसों से फर्नीचर."

"मी खेळेन," सोबत असलेले मल्हारराव लगेच म्हणाले.

मल्हारराव रिसाल्यात कर्नल होते तेव्हापासून क्लबच्या स्पर्धेची ढाल त्यांच्याकडेच होती.

भालचंद्र कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होता. क्लबात नवा आला तेव्हा एक गोष्ट त्याला विचित्र वाटली होती. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते. चेंडू तिला लागला की गुण गेला. डाव नऊ गुणांचा. मल्हाररावांचे आठ होईपर्यंत तुकोजींचा चेंडू पत्र्याच्या चांगला हातभर वरून जायचा आणि आठ झाले की थेट पत्र्यावर आदळायचा. त्याने कारण विचारलं तेव्हा तुकोजी म्हणाले होते, "भालचंद्रराव, रिसाल्यात माझा घोडा त्यांच्या घोड्यामागे चालायचा. पुढे काढायची सवयच नाही."

तो हसला होता. पण वर्षभरात त्याचाही चेंडू वेळेवर पत्र्याला लागू लागला. त्याचे वडील दरबारच्या खासगी खात्यात कारकून होते. हरावं कसं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

काल दौलतसिंह गेल्यावर तुकोजींनी त्याची सायकल धरून ठेवली होती.

"मल्हाररावसरकारांना सांगणार कोण?"

"सांगायचं कशाला? सकाळी सरावाला बोलावतो आणि खेळतो."

"नीट खेळणार?"

"नीट."

आणि तो नीट खेळत होता. पहिला डाव संपला, दुसराही संपला. मल्हाररावांनी पाठ भिंतीला टेकली. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी गॅलरीकडे पाहिलं.

"तुकोजी, खाली या."

तुकोजी खाली येऊन ताठ उभे राहिले.

"तुम्हीसुद्धा?"

"सरकार, आपला बॅकहँड फार देखणा आहे."

"मी बॅकहँडचं विचारलं का?"

मल्हाररावांनी टॉवेलने मान पुसली, मग हात, मग पुन्हा मान.

"आमच्या जनरलसाहेबांशी मी वर्षानुवर्षं हरलो," ते म्हणाले. "शेवटचा चेंडू पत्र्यावर असा घालायचो, की बायकोलासुद्धा खरा वाटायचा. मला वाटलं, ती रीत त्यांच्याबरोबर गेली."

भालचंद्रने रॅकेट या हातातून त्या हातात घेतली.

"आबासाहेब, संध्याकाळी..."

"संध्याकाळी तू खेळायचंस. आणि हे बघ, तो पाहुणा आहे, वर सरकारी अंमलदार. ऐन वेळी तुझा हात सैल पडेल. तुमच्या घराण्यातच आहे ते."

"नाही पडणार."

"बघू."

संध्याकाळी खेळ सुरू झाला. दौलतसिंह दिसायला जाडे होते, पण कोर्टाच्या मध्यातून हलत नव्हते आणि समोरच्याला चारी कोपरे फिरवत होते. दोघांनी एकेक डाव जिंकला. तिसऱ्यात भालचंद्रचे आठ झाले आणि दौलतसिंहांचा एक चेंडू आखूड पडला. धावताना भालचंद्रला जाणवलं, मनगट आपोआप ढिलं होतंय. त्याने मूठ आवळली. चेंडू पत्र्याच्या बोटभर वर लागला. दौलतसिंह पोहोचले नाहीत.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"कमबख़्त! अब फर्नीचर के लिए थाटीपुर में जगह ढूँढनी पड़ेगी." दारापाशी ते वळले. "इतवार को फिर. और इतना मत दौड़ाना, यार."

दुसऱ्या दिवशी भालचंद्र आणि तुकोजी खेळत असताना मल्हारराव आले. ते आले की चालू खेळ सोडून कोर्ट रिकामं करायचं, हा क्लबचा जुना रिवाज. दोघं दार उघडून बाहेर आले.

मल्हारराव बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"डाव पुरा करा. जो जिंकेल, त्याच्याशी मी खेळेन."

दोघं आत गेले. दार लागलं.

"कितीवर होतो आपण?" तुकोजींनी विचारलं.

"माझे सात, तुमचे चार."

तुकोजींनी स्वेटर काढला, नीट घडी केली आणि दार किलकिलं करून बाहेर ठेवला. तळहात पँटला पुसले.

"करा सर्व्हिस."

भालचंद्रने सर्व्हिस केली. चेंडू परत आला तो इतक्या जोरात, की त्याला रॅकेट वर उचलायलाही वेळ मिळाला नाही.