उपाशी कडीपत्ता

तुळशीरामने कडीपत्त्याचं पिवळं पान खुडलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. मग नेहमीसारखा रोपवाटिकेत जाऊन उभा राहिला. मालक चारुदत्तला आता त्याचा खिसाही ओळखीचा झाला होता.

"किडा नाही, बुरशी नाही," चारुदत्तने पान उजेडाकडे धरलं. "काका, पाणी कमी केलंत?"

"केलं."

"लोहासाठी हिराकस दिलात?"

"दिला. वरची पानं हिरवी झाली जरा. खालची पिवळी पडून गळतातच."

"म्हणजे झाड उपाशी आहे. आधी याला काय घालत होतात?"

ते तुळशीरामने कधी पाहिलंच नव्हतं. कडीपत्ता बायकोचा, सुनंदाचा. नेरे गावातलं घर सोडून पनवेलच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा भांड्यांच्या आधी तिने हे रोप टेम्पोत चढवलं होतं आणि त्याने तिची यथेच्छ थट्टा केली होती. ती जाऊन आता वर्ष झालं. साड्या वाटून झाल्या, फोटोला हार चढला. तिच्या हातचं जिवंत असं घरात हे झाडच उरलं होतं. ते गेलं तर ती पुन्हा एकदा जाईल, अशी त्याला खरोखर भीती वाटत होती.

घरी सून मनिषा गवार मोडत बसली होती.

"तुझी सासू झाडाला काय घालायची गो?"

तिचे हात थांबले.

"मासळी धुतलेलं पानी. मासळी आली की घालायच्याच."

सुनंदा गेली त्या दिवसापासून तुळशीरामने मासळी सोडली होती. आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत बोंबील कोण तळणार, म्हणून घरानेही. वर्षभर सगळे भाजी-आमटीवर दिवस काढत होते. त्यांच्यासोबत बिचारा कडीपत्ताही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खुंटीवरची पिशवी काढली. मासळीबाजारात शकू कोळीण तिच्या जागेवर होती. सुनंदा तिच्याशी भाव करायची, तेव्हा तुळशीराम मागे पिशवी धरून उभा राहायचा. आज शकूने त्याच्या मागे पाहिलं.

"एकटेच? वयनी दिसल्या नाय कवापासून."

सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण शकूच्या लेखी सुनंदा फक्त बाजारात यायची राहिली होती. अजून कुणीतरी तिची वाट पाहत होतं, आणि ते मोडायला त्याचं मन धजेना.

"घरी हाय," तो म्हणाला.

शकूने मांदेली पिशवीत घातली आणि कागदात बांधून मूठभर करंदी, बारीक कोलंबी, वर ठेवली.

"ही वयनीला. शकूनं दिली म्हना."

घरी त्याने मनिषाला उठू दिलं नाही. मोरीपाशी बसून मांदेली धुतली, करंदी धुतली. ते गढूळ पाणी घेऊन तो गॅलरीत गेला आणि कुंडीत हळूहळू ओतलं.

"घे," तो म्हणाला. "शकूनं दिली हाय."